भीमेच्या खोऱ्यात दिसलेलं मऊ पाठीचं कासव आणि जाळ्यातलं चार डोळ्यांचं पिल्लू

डोहकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पहाटे नदीवर गेलो होतो तो नदी सुरय हा पक्षी बघायला. भीमेच्या खोऱ्यातली ही एक लहानशी उपनदी आहे. फेब्रुवारी संपत आला की तिचं पाणी उतरतं, मधोमध वाळूची एक लांब जीभ उघडी पडते आणि पलीकडच्या अंगाला काळ्या खडकाखाली एक डोह तेवढा खोल राहतो. गेली सहा वर्षं मी त्या काठावर बसतोय. तिथं कासव आहे याचा मला पत्ता नव्हता.

सूर्य वर येऊन अर्धा तास झाला असेल. वाळूच्या कडेला काहीतरी पालथं पडलेलं दिसलं. वाटलं, कुणाचा तरी भाकरीचा तवा पुरात वाहून आलाय. तसाच गोल, तसाच चपटा, रंग ओलसर हिरवट-करडा. दुर्बीण लावली आणि त्या तव्याला मान फुटली.

मान येतच राहिली, वीतभर तरी आली असेल. टोकाला नेहमीसारखं बोथट नाक नव्हतं, पुढे आलेली नळी होती आणि तिच्या टोकाला दोन बारीक भोकं. पाठीवर एकही चौकट नाही. कासव म्हटल्यावर देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवावरची ती चौकटींची नक्षी डोळ्यापुढे येते ना, ती इथं नाहीच. नुसतं कातडं. कडेला त्या कातड्याची झालर होती आणि ती पाण्याच्या बारीक लाटेबरोबर हलत होती. मी बाभळीच्या आडोशाला, वीसेक पावलांवर. पाठीवर एक माशी येऊन बसली तेव्हा तिथली कातडी किंचित थरथरली, गायीच्या पाठीची थरथरते तशी.

वीस मिनिटं ते तसंच होतं. मग लांब कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि ते सरकन पाण्यात शिरलं. माझ्या कल्पनेपेक्षा फार चपळ. डोहात मात्र गेलं नाही. घोटाभर पाण्यात थांबलं, अंग डावी-उजवीकडे झटकत वाळू उडवली आणि मिनिटभरात दिसेनासं झालं. मी जागा नजरेत पक्की धरून ठेवली होती म्हणून पुढचं दिसलं. काही वेळानं वाळूतून ती नळी वर आली, पाण्याच्या पृष्ठभागाला नेमकी टेकली, श्वास घेतला आणि पुन्हा खाली. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, एवढंच.

खरी गंमत पुढेच. साडेआठच्या सुमारास तात्या (इथले जुने भोई, सत्तरी ओलांडलेली) जाळं काढायला आले. जाळ्यात दोन मरळ आणि एक तळहाताएवढं पिल्लू. तेही मऊ पाठीचंच, पण पाठीवर चार गोल डोळे! गडद ठिपका, भोवती फिकट कडं, त्याभोवती पुन्हा गडद कडं. कुणी पाठीवर चार डोळे काढून ठेवावेत तसे. तात्यांनी जाळ्याचे दोन धागे ब्लेडनं कापले आणि पिल्लू पाण्यात सोडलं. म्हणाले, "लई दिसांनी घावलं बघा हे. आमच्या लहानपणी दर डोहात असायची. मोठं असलं तर बोट ठेवत न्हाई, ध्यानात ठेवा."

दोघांचे फोटो खाली टाकलेत. आता माझे प्रश्न. हे कासव कुठलं? मोठ्याच्या पाठीवर डोळे नव्हते, मग पिल्लू दुसऱ्या जातीचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वाळूची जीभ टिकावी म्हणून कुणाला सांगायचं? ट्रॅक्टर तिथं कशासाठी येतो हे वेगळं सांगायला नको.

सह्यवाट

धागाकर्ते, तुम्ही फार भाग्यवान आहात. वर्णनावरून आणि दोन्ही फोटोंवरून सांगतो, हे लीथचं मऊ कवचाचं कासव आहे. शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथी. हे फक्त भारताच्या द्वीपकल्पात, दख्खनच्या आणि दक्षिणेच्या नद्यांत सापडतं. जगात इतरत्र नाही.

पिल्लू त्याच जातीचं. लहानपणी पाठीवर असे डोळे असतात, बहुधा चार, आणि वाढत्या वयात ते पुसट होत जातात. मोठ्याची पाठ मग तुम्ही म्हणता तशी सपाट हिरवट-करडी दिसते. पुढच्या वेळी डोक्याकडे बघा. पिल्लाच्या डोक्यावर डोळ्यांच्या मधून मानेकडे जाणारी गडद रेघ आणि तिला तिरके फाटे असतात.

आता पुणेकरांसाठी. १८७२ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी या कासवाचं वर्णन केलं. नाव दिलं मुंबईतले डॉक्टर लीथ यांचं. आणि ज्या नमुन्यावरून वर्णन झालं तो पुण्याचा! म्हणजे विज्ञानाच्या लेखी या कासवाचा मूळ पत्ता पुणे आहे. मुळा-मुठेच्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मलाही पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण शाळेत आम्हाला कासव शिकवलं ते सशाच्या गोष्टीतलं.

या कुळातल्या कासवांच्या पायाला तीन-तीनच नखं असतात. तीन नखांवरूनच कुळाला नाव पडलंय. कवचाचं हाड असतंच, पण त्यावर शिंगासारख्या चौकटींऐवजी कातडं ताणलेलं असतं. वाळूत पुरून घेऊन नळी वर काढणं ही तर यांची खासियत. त्याशिवाय कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून पाण्यातला प्राणवायूही ती थोडाफार घेतात.

आणि हे गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाला वन्यजीव व्यापाराची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथं भारताच्या प्रस्तावावरून हे कासव दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेलं, म्हणजे त्याचा व्यापारासाठी आंतरराष्ट्रीय विक्री-व्यवहार बंद. त्या वेळी सरकारनं दिलेली माहिती अशी की गेल्या ३० वर्षांत याची संख्या ९० टक्क्यांनी घटली असावी. तुमच्या तात्यांनी जे एका वाक्यात सांगितलं, तेच हे.

मृण्मयी_क

काय लिहिलंय! "तव्याला मान फुटली" इथं मीच दचकले. वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या भेटीचं नक्की लिहा.

लेन्स_५००

भारी फोटो. नदीचं नाव आणि गुगल लोकेशन टाका ना राव. पुढच्या शनिवारी आमचा सहा जणांचा ग्रुप येतोय त्याच बाजूला. पिल्लाचा क्लोजअप पाहिजेच.

डोहकाठ

सह्यवाट, मनापासून आभार. "मूळ पत्ता पुणे" हे वाचून काल रात्री झोप लागली नाही.

लेन्स_५००, राग मानू नका, पण नदीचं नाव मी देणार नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. धागा सगळ्यांना दिसतो, न लिहिणाऱ्यांनाही दिसतो. मऊ पाठीची कासवं मांसासाठी आणि कडेच्या झालरीसाठी पकडली जातात, ती झालर वाळवून बाहेर पाठवली जाते. फोटो टाकण्याआधी मी त्यातली जागेची माहितीही काढून टाकली आहे. मोबाईलचा फोटो असेल तर तो आपल्याबरोबर पत्ता घेऊन फिरतो, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

आणि दुसरं. सहा जण त्या वाळूवर उतरलात तर कासव त्या दिवशी वर येणारच नाही. मी एकटा, तेही बाभळीआड होतो, तरी ट्रॅक्टरच्या आवाजानं ते गेलं.

लेन्स_५००

पटलं. पत्ता मागायला नको होता. फोटोतल्या पत्त्याचं खरंच माहीत नव्हतं, आज बसून माझे जुने फोटो तपासले. एका घुबडाच्या घरट्याचा फोटो तसाच पडला होता, तो काढला.

कोहळीचा_नातू

मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे नदीपेक्षा तलावांचं राज्य. माजी मालगुजारी तलाव, आम्ही त्यांना सरळ मामा तलाव म्हणतो. आमच्या कोहळी पूर्वजांनी हे बांधले याचा अभिमान आहेच. त्या तलावांत जे कासव मिळतं तेही मऊ पाठीचंच, पण सह्यवाट म्हणतात ते नव्हे. त्याची पाठ तव्यासारखी चपटी नसते, ती पालथ्या वाटीसारखी फुगीर असते. पोटाच्या बाजूला मागे कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत ओढले की झडपा मिटतात, दाराला कडी लावावी तशा. डोकं ओढलं की पुढचा भागही मिटतो. लहानपणी आम्ही त्याला "पेटीवालं" म्हणायचो. ते आमच्या पोरांचं नाव, पुस्तकातलं नाही.

मला सांगायचंय ते गाळाचं. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या तलावातला गाळ काढायचं काम निघालं. तलाव कोरडा ठाक, वर भेगा पडलेल्या. जेसीबीनं पहिला फावडा उचलला आणि मातीच्या ढेकळाबरोबर एक कासव खाली पडलं. जिवंत! अंगभर चिखल वाळलेला, डोळे मिटलेले. त्यानं हळूच एक डोळा उघडला. उन्हाळ्यात पाणी आटलं की ही कासवं चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पावसापर्यंत तशीच पडून राहतात, हे मला आजोबांकडून ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. काम थांबवलं, ठेकेदार कुरकुरला. आम्ही चार पोरांनी कुदळीनं तो कोपरा उकरला तर आणखी चार निघाली. एकाच्या पाठीला जेसीबीच्या दाताचा मार लागला होता, ते दुसऱ्या दिवशी गेलं. बाकीची तलावाच्या ज्या अंगाला गाळ काढायचा नव्हता तिथं ओल्या मातीत ठेवली.

गाळ काढायला माझा विरोध नाही. तलाव बुजले तर कासवं कुठं राहतील? पण सगळा तलाव एका दमात खरवडू नका. एक कोपरा, विशेषतः जिथं शेवटपर्यंत ओल राहते तो, त्या वर्षी सोडून द्या. पुढच्या वर्षी तो घ्या. इतकं साधं आहे. आमच्या गावात आता तसंच करतात.

सह्यवाट

कोहळीचा_नातू, शंभर टक्के. तुमचं ते लिसेमिस पंक्टाटा, झडपांचं कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. घरात टाकीत ठेवणं, विकत घेणं, "लक्ष्मी येते" म्हणून पाळणं, सगळा गुन्हा.

पिवळा_पक्षी

२०२० मध्ये ओडिशात बालासोरला आणि मग पश्चिम बंगालात बर्दवानला पिवळंधम्मक कासव सापडल्याच्या बातम्या होत्या, ते हेच का? चीजच्या तुकड्यासारखं दिसत होतं. वेगळी जात आहे का ती?

सह्यवाट

जात हीच, झडपांची. रंगद्रव्य नसल्यामुळे पिवळं. डोळेही गुलाबी होते. असं कासव निसर्गात मोठं होणं अवघड, कारण चिखलात लपताच येत नाही.

शिंदेछावणी

ग्वाल्हेरातून नमस्कार. आमच्या चार पिढ्या इथे गेल्या, त्यामुळे भाषेत हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

चंबळ आमच्यापासून तासा-दीड तासावर. मुरैना ओलांडून राजघाटाच्या पुलाशी उतरलं की नाव मिळते. लोक घडियाल (लांब तोंडाची मगर) बघायला येतात. मीही दहा वर्षं घडियालच बघत होतो. एकदा मार्चच्या सुरुवातीला नाविकाने चप्पू (वल्हं) थांबवला आणि नुसती मान हलवून दाखवलं. पाण्यातून वर आलेल्या खडकावर पाच-सहा कासवं ओळीने, एकमेकांच्या पाठीवर पाय ठेवून ऊन खात बसलेली. सगळी मातकट. आणि त्यांत एक लहानसं, पण त्याचं डोकं! कुंकवाचा मळवट भरावा तसं लाल कपाळ, मानेवर लाल-पिवळे पट्टे, निळसर झाक. मला वाटलं कुणी रंगवलंय. नाविक म्हणाला, "साल है बाबूजी, नर है."

लाल मुकुटाचं कासव, बटागुर कचुगा. इथे लोक त्याला साल किंवा लाल तिलकधारी म्हणतात. रंग फक्त नराला आणि तोही विणीच्या दिवसांत. मादी त्याच्या दुप्पट मोठी आणि अगदी साधी तपकिरी. एकेकाळी गंगेत सगळीकडे होतं, आता टिकून राहील एवढी संख्या उरली आहे ती जवळजवळ एकट्या चंबळमध्ये. प्रौढ माद्या ५०० च्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे. पाचशे! आमच्या मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात यापेक्षा जास्त माणसं जेवतात.

मार्च-एप्रिलात माद्या वाळूच्या उंच किनाऱ्यावर अंडी घालतात आणि पावसाच्या आधी पिल्लं निघतात. म्हणजे उन्हाळाभर ती वाळू जागेवर राहिली पाहिजे. मुरैन्याजवळ देवरीला अंडी सुरक्षित ठेवण्याचं केंद्र आहे, तिथे पिल्लं सोडताना मी एकदा हजर होतो. हातात धरलेलं पिल्लू पाण्याकडे तोंड करून ठेवलं की पाय हवेतच पोहायला लागतात. वाळूवर ठेवलं की सरळ नदीकडे. मागे वळून बघत नाही.

डोहकाठ काका, तुमच्या ट्रॅक्टरचं वाचलं. इथेही ट्रॅक्टरच आहेत, रात्रीचे.

वैशाली_मालवण

आमच्याकडे वाळू नाही, तांबडी माती आणि व्हाळ (ओढे). आमचं कासव कठीण पाठीचं, काळं. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे तीन कंगोरे, हात फिरवला तर सहज लागतात. पोटाच्या कवचाला पिवळट कड. दिवसा सहसा दिसत नाही. संध्याकाळी व्हाळाच्या कडेला, आणि पहिल्या पावसात थेट रस्त्यावर. आजी म्हणायची, "कासाव वाटेर इला, आता पाऊस लागतलो."

तीन वर्षांपूर्वी मृग लागल्यावर रात्री घरी परतताना आमच्या घाटीवर एक दिसलं. गाडी थांबवून मी उचललं तर असा वास सोडला की दोन दिवस हाताचा जाईना. तेव्हा कळलं की ते घाबरलंय, माझ्या उचलण्याचा त्याला आनंद नाही झालेला. आता फक्त मागे गाडी आडवी लावते, दिवे चालू ठेवते, ते पलीकडे जाईपर्यंत थांबते. सहा-सात मिनिटं लागतात. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

वेळासला समुद्री कासवांचा महोत्सव होतो, सगळा महाराष्ट्र तिथं जातो, त्याचा आनंदच आहे. पण आमच्या व्हाळातल्या काळ्या कासवाला बघायला कोण येत नाही. या धाग्यामुळे बरं वाटलं.

जर्सीची_सून

वैशालीताई, रस्त्यावरच्या कासवाचं वाचून लिहायला घेतलं. आम्ही न्यू जर्सीत राहतो. जूनमध्ये एका सकाळी मागच्या अंगणात ताटाएवढं कासव, शेपटीला मगरीसारखे दाते, आणि ते मागच्या पायांनी आमची हिरवळ खणत होतं. स्नॅपिंग टर्टल. मुलं ओरडली, सासूबाईंनी सगळ्यांना खिडकीआड बसवलं आणि म्हणाल्या, "बाळंतपण चाललंय, गप्प राहा." दोन तास चाललं. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी गोल अंडी. शेवटी तिनं मागच्या पायांनीच माती लोटली, पोटानं दाबली आणि तळ्याकडे निघून गेली.

इथल्या वन्यजीव खात्याकडून शिकलेल्या दोन गोष्टी. रस्ता ओलांडणाऱ्या कासवाला मदत करायचीच असेल तर ते ज्या दिशेनं निघालंय त्याच बाजूला न्यायचं. जिथून आलं तिथं परत ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येतं. आणि शेपटीला धरून कधीही उचलायचं नाही, पाठीच्या मणक्याला इजा होते.

रॅकून अंडी उकरतात म्हणून आम्ही वर जाळीचं खोकं पालथं घातलं, बाजूनं पिल्लांना जायला फट ठेवून. सप्टेंबरात एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली. नाण्याएवढी पिल्लं, चिखलानं माखलेली, गवतातून निघाली होती.

अण्णा_वाईकर

आमच्या लहानपणी आई कूर्मदृष्टी सांगायची. कासवी पैलतीरावर असते, पिल्लं ऐलतीरावर, आणि ती नुसत्या नजरेनं त्यांना पोसते. देवाची कृपा तशी. आज वरचं सगळं वाचलं. कासवी अंडी घालून निघून जाते, पिल्लांना आई भेटतच नाही. म्हणजे पोसते कोण? वाळू पोसते, ऊन पोसतं. मला तर हे ऐकून ती जुनी गोष्ट खोटी नाही वाटली, नदीच ती कासवी आहे असं वाटलं.

आता माझी चूक लिहितो, कुणी ती करू नये म्हणून. १९९८ च्या पावसाळ्यात कृष्णेच्या काठी असंच एक कासव सापडलं. माणसं मारतील म्हणून मी ते आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडलं. बांधीव विहीर, चारी बाजूंनी उभा दगड. पाणी भरपूर, मासे भरपूर, मला वाटलं सुखात राहील. त्याला वर येऊन टेकायला जागाच नव्हती. कासव फुप्फुसानं श्वास घेतं, त्याला ऊन लागतं, कोरडी जागा लागते, हे मला ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं ते पाण्यावर तरंगताना दिसलं. त्याला मी वाचवलं नाही, कोंडलं. अजून विहिरीवर गेलो की आठवतं.

अनघा_ठाणे

अण्णा, लिहिलंत हे फार मोठं केलंत. मीही एक सांगते. मुलासाठी पेट शॉपमधून घेतलेलं हिरवं, कानामागे लाल पट्टी असलेलं कासव मोठं झालं, टाकी पुरेना. सोसायटीतल्या सगळ्यांनी सल्ला दिला, तलावात सोड, पुण्य लागेल. सोडणारच होते. नंतर कळलं की ते अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. आपल्या तलावात सोडलं तर इथल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं बळकावतं, रोगही आणतं. शेवटी मोठी टाकी घेतली. ते अजून माझ्याकडेच आहे आणि माझ्या म्हातारपणापर्यंत असणार आहे. विकत घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

रानातली_राधा

पाण्यातलं नाही, पण कासवांवर एवढं चाललंय तर जे. विजया यांचं नाव यायलाच हवं. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलात, पालापाचोळ्यात राहणारं एक छोटं कासव आहे. १९१२ साली त्याचं वर्णन झालं आणि मग सत्तर वर्षं ते कुणाला दिसलंच नाही. १९८२ मध्ये केरळच्या जंगलात विजयांनी ते पुन्हा शोधलं. तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या. अभ्यासासाठी त्या तिथल्या एका गुहेत राहिल्या. भारतातल्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ म्हणून त्यांना ओळखतात. १९८७ मध्ये, फार लवकर, त्या गेल्या. २००६ मध्ये त्या कासवाच्या गणालाच त्यांचं नाव दिलं, विजयाचेलिस. माझ्या मुलीचं नाव विजया आहे, यावरूनच.

सह्यवाट

राधाताई, हे वाचून अंगावर काटा आला.

डोहकाठ, तुमचा तिसरा प्रश्न राहिलाच. वाळूसाठी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शिकार किंवा विक्री दिसली तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. पण माझ्या अनुभवानं सगळ्यात उपयोगी गोष्ट वेगळी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती वही कपाटात असते. तिच्यात या कासवाची नोंद करून घ्या, तात्यांच्या नावानं आणि त्यांच्या आठवणींसह. नेमका डोह लिहू नका, नदीचा पट्टा लिहा. उद्या वाळूचा लिलाव निघाला तर हरकत घ्यायला गावाच्या हातात गावाचाच कागद असेल.

डोहकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

ग्रामपंचायतीत गेलो. वही खरंच कपाटात होती, कोरी करकरीत. ग्रामसेवक तरुण आहेत, त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाले, हे आपल्या नदीत आहे? पुढच्या मंगळवारी तात्यांना बोलावलं. तात्या धुतलेला सदरा घालून आले. दीड तास बोलत होते आणि ग्रामसेवक लिहीत होते. कुठल्या महिन्यात पाण्याचा रंग बदलतो, कासव कुठल्या काठाला ऊन खातं, वाम आणि शिवडा हे मासे कधी कमी झाले, १९७२ च्या दुष्काळात लोकांनी डोहातली कासवं कशी खाल्ली. "तवाबी संपली न्हवती, आता संपाय लागली," हे त्यांचं वाक्य तसंच लिहून घ्या असं मी सांगितलं. ग्रामसेवकांनी लिहिलं. खाली तात्यांनी अंगठा न देता सही केली, सावकाश, पाच अक्षरांची.

तहसीलला अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. ट्रॅक्टर थांबलाय असं म्हणणार नाही, पण गेल्या आठवड्यात दोनदा गावातल्या पोरांनी तो हटकला.

कासव पुन्हा दिसलं का असं मृण्मयीताईंनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. चार वेळा गेलो, तीनदा काहीच नाही. काल सकाळी वाळूवर पाण्यापासून वर येणारी एक खूण होती. मधे पोट घासल्याचा रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पायांचे ठसे. एका ठशात ओली वाळू चांगली घट्ट बसली होती. मी गुडघे टेकून मोजली. तीन नखं होती.